गल्लीभर एकच रक्त

दर्यापुरात कुंदाबाईंकडे कोणी गेलं, की त्या आल्यागेल्याला आलं घातलेला दुधाचा चहा देतात आणि स्वतः कोऱ्या चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी टेकतात. त्या दही खात नाहीत, ताक पीत नाहीत, सणावाराला केलेल्या खिरीला बोट लावत नाहीत. नवीन माणूस विचारतो, "काहून वो, दूध चालत नाही का तुमाले?" कुंदाबाई म्हणतात, "मले नाही चालत," आणि त्याच्या पोराबाळांची चौकशी करायला लागतात. देवाला सोडलं असेल, असं गल्लीतल्या नव्या सुना समजतात. जुन्या बायकांना खरं काय ते ठाऊक आहे.

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. कुंदाबाईंचे यजमान गोपाळकृष्ण भिक्षुकी करत. त्या सालांत कर्जापायी शेतकरी जीव देत होते, म्हणून गोपाळकृष्णांना लग्नमुंजीपेक्षा दहाव्याचीच बोलावणी जास्त यायची. आज एका खेड्यात, परवा दुसऱ्या. न्यायला आलेला जीपवाला हॉर्न वाजवत नसे, दाराशी येऊन नुसता उभा राहायचा. त्याच्या उभं राहण्यावरूनच कुंदाबाईंना कळायचं, आज कोणतं काम आहे ते. गोपाळकृष्ण परत आले की मागच्या दारानं येत, नहाणीत डोक्यावरून पाणी घेत आणि जेवताना एखादं वाक्य बोलत.

"आजचा तर आपल्या श्रावणीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा होता."

मग हात धुऊन उठत.

कुंदाबाई त्यांचं धोतर वेगळं धूत, वेगळं वाळवत. तरी त्यांना वाटायचं, काहीतरी त्या सोग्याला चिकटून घरात येतंय. घरात माणसं तरी किती? स्वतःला मूलबाळ नाही. धाकटे दीर भगवंतराव अकोल्याला कोर्टात कारकून, रविवारी येत. त्यांची बायको शकुन आणि मुलगी श्रावणी मात्र इथंच, कुंदाबाईंजवळ. श्रावणी तेव्हा दहावीत होती. शकुनला ती 'आई' म्हणायची आणि कुंदाबाईंना 'काकू', पण वेणी घालायला यायची ती काकूकडेच. यजमान, शकुन आणि श्रावणी, ही तीन माणसं आपल्याकडून सांभाळली जावीत, एवढंच कुंदाबाई रोज दिवा लावताना देवाला मागत.

अशात त्या मामेबहिणीकडे अमरावतीला गेल्या. तिच्या कॉलनीत एक बाई आहाराचे वर्ग घेत. माणसं चुकीचं अन्न खाऊन मरतात, असं त्या बाईंचं सांगणं. प्रत्येकाचं रक्त वेगळं, म्हणून ताटही वेगळं हवं. ओ गटाचं रक्त आदिम शिकाऱ्याचं, त्याला गहू आणि दूध विषासारखं. ए गटाचं शेतकऱ्याचं, त्याला धान्य मानवतं. बी गटाचं गुराख्याचं, त्याला दूधदुभतं लाभतं. कुंदाबाई पुढं बसून ऐकत होत्या. इतके दिवस नुसती भीती होती. आता हाताला काम मिळालं. येताना त्यांनी तक्ता आणला, काचेच्या पट्ट्या आणल्या, सुयांचं पाकीट आणलं आणि तीन इवल्या बाटल्या. एक निळी, एक पिवळी, एक बिनरंगी.

पहिली सुई त्यांनी स्वतःच्या बोटाला टोचली. काचेवर रक्ताचे तीन थेंब, प्रत्येकात एका बाटलीतला थेंब. जळून गेलेल्या उदबत्तीच्या काडीनं हलकेच ढवळायचं, दर थेंबाला नवी काडी. निळ्यात काही झालं नाही. पिवळ्यात बघता बघता रक्त फुटलं, दही मोडल्यासारख्या बारीक गाठी झाल्या. पिवळ्यात गाठी म्हणजे बी, निळ्यात म्हणजे ए, दोन्हींत नाही तर ओ; आणि बिनरंगीत गाठी म्हणजे पॉझिटिव्ह.

गोपाळकृष्ण मात्र बोट द्यायला तयार होईनात. "अनामिकेत मी दर्भ घालतो. तिला सुई लावायची नाही."

"मग तर्जनी द्या."

"ती पितरांची."

"बरं, करंगळी तरी तुमचीच हाय नं, का तीही कोणाले देऊन ठेवली?"

करंगळीतून निघालं ए, शेतकऱ्याचं रक्त. गोपाळकृष्ण काचेकडे बघत राहिले. "हे कोणाला सांगू नको," म्हणाले.

शकुन आणि श्रावणी तेव्हा शकुनच्या माहेरी, बाळापूरला गेल्या होत्या. त्यांचं रक्त पाहायचं राहिलं ते उन्हाळ्यावर गेलं.

बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा, असं अमरावतीच्या बाईंनी बजावलं होतं. फ्रिज होता, लाइट नव्हती. त्या वर्षी लोडशेडिंगनं दिवसाचा दिवस जायचा. वैशाखात फ्रिज उघडला की आतून कपाटासारखी ऊब यायची. कुंदाबाई बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळत, माठाच्या बुडाशी ठेवत, लाइट आली की पुन्हा आत. तोवर गल्लीत बोभाटा झाला होता. दुपारी बायका ओसरीवर बोट पुढं करून बसायच्या. कुंदाबाई नवी सुई घेत, तोंडानं देवाचं नाव घेत आणि टोचत. निळ्यात गाठ नाही, पिवळ्यात गाठ नाही. बिनरंगी बाटली तेवढी काम करायची, म्हणून शंका यायला जागा नव्हती. ओ पॉझिटिव्ह. पुढची बाई, ओ पॉझिटिव्ह. चार घरं सोडून राहणाऱ्या जाईबाई कुळकर्णी, ओ पॉझिटिव्ह.

शेजारच्या नईमाभाभी कापसाच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या ओढणीनंच आल्या. नवरा कुर्बानभाई गाद्या भरायचा. त्यांचाही ओ निघाला.

"मंग मी काय खावं?"

"तुम्ही मटण खायचं, भाभी. गहू नाही, दूध नाही."

"वा! हे तं माह्या नवऱ्याले सांगा. म्हणा, भटाच्या बायकोनं गोश्त लिहून देल्लं!" नईमा पोट धरून हसली. मग ओळीनं बसलेल्या बायकांकडे बघून म्हणाली, "अन् कुंदाबाई, तुमच्या बाटलीनं तं कमाल केली. साऱ्या गल्लीचं एकच रगत करून टाकलं. आता दंगा झाला तं कोनाले माराव, समजनार नाही!"

सगळ्या हसल्या. कुंदाबाईही हसल्या. गोपाळकृष्ण आत पंचांग बघत होते, त्यांनी तिथूनच विचारलं, "शेतकऱ्याचं निघालं का कोणाचं?"

"नाही, एकाचंही नाही."

"बरं झालं," ते म्हणाले.

त्याच दुपारी कुंदाबाईंनी शकुनचं आणि श्रावणीचं रक्त बघितलं. दोघीही ओ.

शकुनला दही म्हणजे जीव की प्राण. बाळापूरला माहेरी म्हशी होत्या, ती सायीच्या दह्यावरच वाढलेली. रात्री विरजण तीच लावायची. सकाळी शिळी भाकर कुस्करून त्यावर दही घ्यायची आणि जेवणाच्या शेवटी वाटी बोटानं पुसून खायची. कुंदाबाईंनी तक्ता भिंतीला लावला आणि म्हणाल्या, "शकुन, तुझ्या बऱ्यासाठी सांगून राहिली." शकुन क्षणभर वाटीकडे बघत राहिली. मग तळहात नाही, हाताची पालथी बाजू लावून तिनं वाटी बाजूला सरकवली.

"ताई, तुम्ही म्हणता तं नको."

त्यानंतर कोणी विसरून दूध वाढलं, की ती तशीच पालथ्या हातानं वाटी सरकवायची. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. श्रावणीनं मात्र तक्ता मानला नाही. स्वयंपाकघरात कोणी नसलं की साय खायची आणि पकडली गेली की म्हणायची, "माझं रक्त शिकाऱ्याचं हाय नं काकू, मग शिकारच केली मी!"

वर्ष गेलं, वरती आणखी काही महिने गेले. शकुन वाळत चालली. जिना चढताना धाप लागायची, ओठ पांढरे पडले. कुंदाबाईंनी अमरावतीला फोन लावला. बाई म्हणाल्या, जुनं विष बाहेर पडतंय, धीर धरा. कुंदाबाईंनी धीर धरला. शकुनला अंगावरून फार जात होतं आणि ती ते लपवून होती, हे कळलं तेव्हा अमरावतीला दवाखान्यात न्यावं लागलं. गर्भाशयात गाठ होती, आणि ती पसरली होती.

रक्त चढवायचं ठरलं. भगवंतराव धावपळ करून पिशवी घेऊन आले. नर्सनं ती लोखंडी दांडीला अडकवली. कुंदाबाई उशाशी होत्या. पिशवीवर ठळक अक्षर होतं. त्यांचं इंग्रजी शाळेपुरतंच, पण एवढं अक्षर येत होतं. बी.

त्यांनी नर्सला हळूच विचारलं, "पिशवी बदलली तं नाही नं कोणाची?"

"दोनदा तपासतो आम्ही, मावशी. पेशंटचा गट बी पॉझिटिव्हच आहे."

संध्याकाळी तरुण डॉक्टर आला. कुंदाबाईंनी त्याला व्हरांड्यात गाठलं. "डॉक्टरसाहेब, बी असलं की दूध चालते नं? अन् नाही देल्लं, तं अशी गाठ होते का?"

डॉक्टर थकलेला होता. "रक्तगटाचा न् दुधाचा काही संबंध नसतो, मावशी. कोणत्याही गटाच्या माणसाला दूध चालतं. ही गाठ जुनी आहे. तुमच्या दह्यादुधानं आली नाही, न् गेलीही नसती. खाणंपिणं चांगलं असतं तर अंगात थोडी ताकद राहिली असती, इतकंच."

इतकंच. कुंदाबाई तो शब्द घेऊन बाहेर गेल्या, डेअरीतून दह्याचा द्रोण आणला. शकुन जागी होती. तिची नजर वर होती, पिशवीकडे. मग ती खाली आली, कुंदाबाईंच्या हातातल्या द्रोणाकडे, तिथून त्यांच्या तोंडाकडे. कुंदाबाईंनी चमचा पुढं केला. शकुननं पालथ्या हातानं द्रोण सरकवला.

त्यानंतर ती बोलण्याजोगी राहिली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

दर्यापूरला परतल्यावर, घर माणसांनी भरलेलं असताना, कुंदाबाई देवघराचं दार लोटून बसल्या आणि स्वतःचं बोट टोचलं. आपलं रक्त बी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या काचेवर त्यांनी ते फुटताना पाहिलं होतं. पिवळा थेंब घातला, काडीनं ढवळला. रक्त तसंच राहिलं, गुळगुळीत, कुंकवाच्या पाण्यासारखं. त्यांनी बाटली खिडकीशी धरली. आतलं पाणी गढूळ झालं होतं. त्या उन्हाळ्यात बाटल्या मेल्या होत्या, आणि मेलेल्या बाटल्यांनी सगळ्या गल्लीला ओ करून टाकलं होतं.

तेव्हापासून घरात दूध टिकेना. सकाळी गंजात, दुधाच्या पातेल्यात, तापवायला ठेवलं की उकळी यायच्या आधी फुटायचं. गोपाळकृष्ण म्हणत, गवळ्याकडंच नासलेलं येत असेल. गवळी बदलला. कुंदाबाई गंजात डोकावत आणि त्यांना त्या गाठी दिसत, पिवळ्या थेंबात व्हायला हव्या होत्या त्या. कधी चुलीकडे पाठ असताना मागं वाटी सरकल्याचा आवाज यायचा. वळून पाहिलं तर कोणी नसायचं.

मग एके दिवशी मागं वळल्या, तर खरंच कोणी होतं. श्रावणी जेवत होती. तिनं पालथ्या हातानं दह्याची वाटी बाजूला केली.

"काय झालं?"

"नको मले. आईचा न् माझा गट एकच हाय. तिनं पाळलं, मी नाही पाळलं. आता पाळीन."

हसून शिकार करणारी पोर ती. आता पाठ ताठ करून बसायची, भाकर आईसारखी कुस्करायची, शेवटचा घास आईसारखा डोळे मिटून खायची. दूध सोडलं, गहू सोडला, मग एक वेळचं जेवणच सोडलं. कॉलेजात चक्कर येऊन पडली. कुंदाबाईंनी समजावलं, रागावल्या, देवाची शपथ घातली. श्रावणी म्हणाली, "काकू, तक्ता तूच लावला नं भिंतीले? आईनं तुह्या शब्दाखातर जीवाचं आवडतं सोडलं. मग मी खाऊ?"

कुंदाबाईंच्या ओठावर आलेलं परत गेलं. खरं सांगावं तर पोरीजवळ आईची म्हणून उरलेली एकच गोष्ट, तो नेम, तोही खोटा ठरणार. आणि ज्या हातांनी तिची वेणी घातली, त्या हातांना ती पुन्हा डोकं देणार नव्हती. न सांगावं तर पोर डोळ्यांदेखत आईच्या वाटेनं चालली होती.

नईमा कुंपणापलीकडून बघत होती. एक दिवस धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "पोरगी शकुनसारखी दिसून राहिली हो कुंदाबाई. चेहऱ्यानं नाही म्हणत मी. चालन्यानं."

कुंदाबाईंनी तिला सगळं सांगितलं, कुंपणाला धरूनच. नईमा हसली नाही. "म्या तं मजाक केली होती," म्हणाली. मग हातातला पिळा तसाच धरून उभी राहिली. "तिले सांगा. पोरगी तुमच्यावर रागावंल तं रागवू द्या. जिती राहून रागवंल."

तरी महिना गेला. भाद्रपद लागला, पितृपक्ष आला. अहेवपणी गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात. तिच्या नावानं एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचं. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. कुंदाबाईंनी जाईबाईंना सांगितलं. वडे झाले, कढी झाली, आमसुलाची चटणी झाली. खीर करताना दूध फुटेल म्हणून त्या गंजासमोरून हलल्या नाहीत. त्या दिवशी फुटलं नाही.

जाईबाई शकुनच्या पाटावर बसल्या. त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली. गोपाळकृष्णांनी पाणी सोडलं. भगवंतराव दाराच्या चौकटीला टेकून उभे. श्रावणी हट्टानं वाढायला लागली होती. तिनं भात वाढला, वडे वाढले आणि खिरीच्या पातेल्याशी येऊन थांबली.

"काकू, आईले खीर कशी चालंल?"

"वाढ तू."

श्रावणीनं वाढली नाही. कुंदाबाईंनी पळी तिच्या हातून घेतली, स्वतः वाटी भरून पानाशेजारी ठेवली. आणि जाईबाईंनी संकोचून, जेवताना खरकटा झालेला उजवा हात आवरून, डाव्या हाताच्या पालथ्या बाजूनं ती वाटी जराशी दूर केली.

"मले दूध नाही चालत नं वो कुंदाबाई. तुमीच तं सांगतलं, ओ हाय म्हणून. दोन वर्षं झाली, थेंब नाही घेतला म्या."

शकुनच्या पाटावरून, शकुनच्या नावानं आलेला तो नकार. कुंदाबाई पानासमोर खाली बसल्या आणि बोलायला लागल्या. कोणाकडे बघितलं नाही, पानाकडे बघूनच बोलल्या.

"तुमाले चालते, जाईबाई. साऱ्यांले चालते. माह्या बाटल्या उन्हानं खराब झाल्या होत्या, मले समजलं नाही. शकुनचा गट ओ नव्हताच, बी होता. दवाखान्यात पिशवीवर वाचलं मी. अन् डॉक्टर म्हणे, गट कोणताही असो, त्याचा न् दह्यादुधाचा संबंधच नसते. तिनं उगीच सोडलं. मी उगीच सोडवलं."

भगवंतराव चौकटीवरून वळून अंगणात गेले. गोपाळकृष्णांनी डोळे मिटले. जाईबाईंना कळेना, उठावं की बसावं. श्रावणी उभी होती तशीच उभी.

"आईले माहीत होतं?"

एवढंच तिनं विचारलं.

कुंदाबाईंना उत्तर देता आलं असतं. 'नाही' म्हणता आलं असतं. पण पानासमोर बसून खोटं बोलवेना. "मले ठाऊक नाही, बाळा. तिनं पिशवीकडं पाहिलं, मंग माह्याकडं पाहिलं. मी दही आणलं होतं. तिनं हातानं सारलं. तक्त्यापायी सारलं, का वाचून समजली म्हणून सारलं, का खायची शक्तीच नव्हती, हे मले ठाऊक नाही. रोज तोच हात दिसते मले."

मग जाईबाईंनीच वाटी जवळ ओढली. "मी खातो," म्हणाल्या, आणि रडत रडत खीर संपवली, वाटी बोटानं पुसून.

त्यांचं पान उचललं गेल्यावर श्रावणी त्याच पाटावर बसली. "वाढ," म्हणाली. कुंदाबाईंनी वाढलं. तिनं दोन वाट्या खीर खाल्ली, तिसरी मागितली. मान वर केली नाही. कुंदाबाईंच्या जीवात जीव आला. पोर खात होती. त्यांनी धीर करून स्वतःसाठीही वाटीत दोन पळ्या खीर घेतली आणि शेजारी बसल्या.

श्रावणीनं हात पालथा केला आणि ती वाटी त्यांच्यापुढून सरकवली.

"तुले नको."

आवाज रागाचा नव्हता. कसा होता ते कुंदाबाईंना आजवर सांगता आलेलं नाही. त्यांनी वाटी तशीच राहू दिली.

त्या संध्याकाळी त्यांनी तक्ता उतरवला, बाटल्या घरामागं खड्डा करून पुरल्या आणि घरोघर जाऊन सांगून आल्या. कोणी हसलं, कोणी टाकून बोललं. एकीनं दार लावून घेतलं. दूध नासायचं थांबलं. वाटी सरकल्याचा आवाज मात्र अजून येतो, विशेषतः पाठमोरं असताना.

श्रावणी पुढं वडिलांकडे अकोल्याला राहायला गेली. आता तिथंच शाळेत शिकवते, अंगानं भरली आहे, तिच्या घरी रोज विरजण लागतं. वेणी घालायला ती काकूसमोर पुन्हा बसली नाही. पण नवमीला न चुकता येते. दुपारी सगळं आवरल्यावर चहा तीच करते. एक कप दुधाचा, स्वतःचा. एक कोरा, काकूचा. कुंदाबाई उंबऱ्याशी बसून तिच्या हातांकडे बघत असतात. कपात चहा ओतून झाला की श्रावणी दुधाचं भांडं उचलते, आणि दर वर्षी ते क्षणभर कोऱ्या कपावर थांबतं. मग ती ते परत कट्ट्यावर ठेवते.

कुंदाबाई दोन्ही हात पुढं करून कप घेतात, देवाचं तीर्थ घ्यावं तसा, आणि पितात.